वाचवलेले पाणी कोणाचे? : ट्रकी नदीच्या काठाने



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला दरवर्षी योजली जाते, त्यांचा विषय भूगोल. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी मी एका नदीची निवड केली आहे. ही नदी आपल्या देशातली नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया आणि नेवाडा या दोन राज्यांतून वाहणारी ती ट्रकी नावाची नदी आहे. तिची लांबी सुमारे १२० मैल. आपल्या नर्मदेशी तुलना केली तर ती फारच लहान भरेल. मग इंदूरच्या श्रोत्यांपुढे तिचे आख्यान कशासाठी लावावे, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर प्रथम देतो.

ट्रकी नदी एका तळ्यातून निघते आणि दुसऱ्या तळ्यात संपते. पहिले तळे डोंगरात, दुसरे वाळवंटात. ती समुद्राला मिळत नाही. समुद्राला मिळणाऱ्या नदीचे किती पाणी वाटेत कमी झाले, हे समुद्र कोणाला सांगत नाही. तळ्याला मिळणाऱ्या नदीचे मात्र तळे सांगते. वर कोणी एक पाट काढला की खालच्या तळ्याची पातळी उतरते, आणि काठावरच्या खडकावर पांढरी रेघ उमटते. पाण्याचा जमाखर्च जिथे असा उघड्यावर मांडलेला असतो, तिथे जलसंवर्धन या शब्दाचा खरा अर्थ तपासून पाहता येतो. आपण सर्वजण ‘पाणी वाचवा’ असे म्हणतो. वाचवलेले पाणी पुढे कोणाकडे जाते, हे आपण क्वचितच विचारतो. या नदीने तो प्रश्न जवळजवळ सव्वाशे वर्षे विचारायला लावला आहे.

वरचे तळे

सिएरा नेवाडा पर्वताच्या रांगेत, दोन राज्यांच्या सीमेवर, टाहो सरोवर आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ६,२२५ फूट; लांबी २२ मैल, रुंदी १२ मैल, आणि सर्वाधिक खोली १,६४५ फूट. लहानमोठे ६३ ओढे त्याला येऊन मिळतात. बाहेर पडणारी वाट मात्र एकच, आणि ती म्हणजे ट्रकी नदी.

या प्रदेशाचे पाणी पावसाचे कमी आणि बर्फाचे अधिक. पॅसिफिक महासागरावरून येणारे ढग सिएराच्या माथ्यावर आपले ओझे उतरवतात, आणि पर्वताच्या पूर्वेला जाईपर्यंत रिकामे होतात. महाबळेश्वरी धो धो कोसळणारा पाऊस माणदेशात पोचेपर्यंत कसा आटतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. रेनो हे नदीकाठचे मुख्य शहर. तिथे वर्षाकाठी सुमारे ७ इंच पाऊस पडतो. तेव्हा हिवाळ्यात पर्वतावर साठलेले बर्फ हेच खालच्या साऱ्या जीवसृष्टीचे कोठार.

या कोठारात किती धान्य आहे, हे मोजण्याची रीत प्रथम ज्यांनी बसवली त्यांत एका शिक्षकाचे नाव अग्रभागी आहे. जेम्स चर्च हे रेनो येथील नेवाडा विद्यापीठात लॅटिन भाषेचे प्राध्यापक होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी माउंट रोझ या शिखरावर हिवाळ्यात चढून जाऊन निरीक्षणे सुरू केली, आणि बर्फात खुपसून त्याचा स्तंभ वर काढता येईल अशी पोकळ नळी तयार केली. त्या स्तंभाचे वजन केले की बर्फ वितळल्यावर किती पाणी होईल ते कळते. वसंतात टाहोची पातळी किती चढेल याचा अंदाज त्यामुळे आधीच बांधता येऊ लागला. तळ्याकाठच्या घरमालकांना पातळी फार चढलेली नको असे, खालच्या लोकांना तळे भरलेले हवे असे. त्या भांडणात प्रथमच दोन्ही पक्षांसमोर एक निश्चित आकडा आला. प्राचीन भाषा शिकवणाऱ्या माणसाने आधुनिक जलविज्ञानाला दिलेली ही देणगी शाळेच्या व्यासपीठावरून सांगताना मला विशेष आनंद होतो.

टाहोच्या मुखाशी टाहो सिटी या गावी १७ दारांचा एक छोटा बंधारा आहे. त्याचे आजचे काँक्रीटचे रूप १९१३ साली पूर्ण झाले. त्यापूर्वी, १८७० च्या दशकापासून, लाकडी बांध होता. या बंधाऱ्यामुळे तळ्याच्या नैसर्गिक काठाच्या वरचे ६.१ फूट पाणी अडवता येते. ऐकायला हे सहा फूट फार वाटत नाहीत, पण तळे एवढे विस्तीर्ण आहे की त्यात सुमारे ७ लाख ४५ हजार एकर-फूट पाणी मावते. एक एकर-फूट म्हणजे एक एकर जमिनीवर एक फूट उंच उभे राहील इतके पाणी. सुमारे १२ लाख ३३ हजार लिटर. उलट दुष्काळात पातळी नैसर्गिक काठाच्या खाली गेली की नदीचा उगमच बंद होतो. अथांग तळे समोर पसरलेले आणि त्यातून नदीला थेंबही नाही, असे दृश्य अनेकदा दिसले आहे. ३० नोव्हेंबर १९९२ रोजी टाहोने नोंदींतली नीचांकी पातळी गाठली, तेव्हा पाणी काठाच्या पावणेतीन फूट खाली होते.

खालचे तळे

आता मधला प्रवास क्षणभर बाजूला ठेवून आपण एकदम शेवटाकडे जाऊ; कारण नदीचे मुख आधी पाहिल्याशिवाय मधल्या घडामोडींचा अर्थ लागत नाही.

ट्रकी नदी टाहोहून सुमारे २,४०० फूट खाली उतरून पिरॅमिड सरोवरात शिरते. भोवती उघडे तांबूस डोंगर, झाडाची सावली नाही, आणि मध्ये १०० चौरस मैलांहून कितीतरी मोठे निळे पाणी. हिमयुगात या प्रदेशात लाहोंटन नावाचे प्रचंड सरोवर होते. त्याचा हा उरलेला अंश. जॉन फ्रीमाँट हा सैनिकी संशोधक १० जानेवारी १८४४ रोजी येथे पोचला, आणि पाण्यातून वर आलेल्या त्रिकोणी खडकावरून त्याने तळ्याला हे नाव दिले. पुढच्याच महिन्यात सिएरा ओलांडताना त्याला वरचे टाहोही दिसले.

या तळ्यातून पाणी बाहेर जाण्यास वाट नाही. जाते ते फक्त सूर्याच्या वाटेने. दरवर्षी सुमारे चार फूट जाडीचा थर वाफ होऊन उडतो. पाणी उडते, क्षार मागे राहतात. म्हणून तळे खारट आहे, समुद्राच्या मानाने सुमारे एक षष्ठांश. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार ज्यांनी पाहिले आहे त्यांना बंदिस्त तळ्याचा हा स्वभाव परिचित असेल. नदीने दरसाल तेवढे पाणी आणून दिले तर तळे टिकते. कमी आणले तर ते उतरत आणि खारत जाते.

तळ्याच्या काठी पायूट लोक हजारो वर्षांपासून राहत आले आहेत. तळ्यात क्वी-वी नावाचा एक मासा आहे. तो जगात या एकाच सरोवरात सापडतो. वसंतात अंडी घालण्यासाठी तो नदीत चढतो. येथील पायूट स्वतःला ज्या नावाने ओळखतात त्याचा अर्थच ‘क्वी-वी खाणारे’ असा आहे. दुसरा मासा लाहोंटन कटथ्रोट ट्राउट. तो नदीतून थेट टाहोपर्यंत चढत असे. फ्रीमाँटच्या तुकडीला पायूटांनी याच माशांचे जेवण दिले, आणि त्याने नदीचे नावही माशावरूनच ठेवले होते. पुढे वसाहतकऱ्यांनी नदीला ट्रकी हे नाव दिले, ते त्यांना वाट दाखवणाऱ्या एका पायूट प्रमुखाचे. त्याची नात सेरा विनमुका हिने १८८३ मध्ये आपल्या समाजाची कहाणी इंग्रजीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, आणि पुढे पायूट मुलांसाठी शाळाही चालवली. १८५९ मध्ये पिरॅमिड सरोवर व त्याभोवतालची भूमी पायूटांसाठी राखून ठेवण्यात आली. १८७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या आदेशाने त्यावर शिक्कामोर्तब झाले. जमीन आणि तळे त्यांचे झाले. तळ्यात येणाऱ्या पाण्याबद्दल त्या कागदात काही लिहिलेले नव्हते.

डर्बीचा बंधारा

१९०२ साली अमेरिकेत ओसाड प्रदेश सिंचनाखाली आणण्याचा कायदा झाला. त्यामागे नेवाडाचे लोकप्रतिनिधी फ्रान्सिस न्यूलँड्स यांची खटपट होती. त्या कायद्याखाली हाती घेतलेल्या अगदी पहिल्या कामांपैकी एक म्हणजे ट्रकी नदीवरचा डर्बी बंधारा. तो १९०५ मध्ये पूर्ण झाला. तेथून ३२ मैलांचा कालवा काढून ट्रकीचे पाणी शेजारच्या कार्सन नदीच्या खोऱ्यात नेण्यात आले. १९१५ पासून ते लाहोंटन धरणात साठू लागले, आणि फॅलन गावाच्या परिसरात लसूणघासाची हिरवी शेते उभी राहिली. योजना लाखो एकरांची होती; प्रत्यक्षात सुमारे साठ हजार एकरांपर्यंतच मजल गेली.

हे करणारे लोक दुष्ट नव्हते, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे. वाळवंटातल्या तळ्यात जाऊन वाफ होणारे पाणी ‘वाया’ जाते, असे त्या पिढीला मनापासून वाटत होते. ते अडवून शेताला देणे हेच त्यांच्या मते जलसंवर्धन. ‘समुद्रात वाया जाणारे पाणी’ हा शब्दप्रयोग आपल्याकडच्या भाषणांतून अजून गेलेला नाही, तेव्हा त्यांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

परिणाम मात्र व्हायचा तो झाला. काही दशके नदीचे जवळजवळ निम्मे पाणी डर्बीपाशी वळवले जात होते. पिरॅमिडच्या शेजारी, त्याच नदीच्या पाण्यावर जगणारे विनमुका नावाचे दुसरे तळे होते. १९३६ मध्ये ते पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाले आणि त्याच दशकाच्या अखेरीस पूर्ण कोरडे पडले. १९६२ मध्ये सरकारने अभयारण्याचा दर्जाही काढून घेतला. राखण्यासारखे काही उरलेच नव्हते. पिरॅमिडची पातळी १९६७ पर्यंत सुमारे ८० फूट उतरली. नदीच्या मुखाशी गाळाचे उथळ मैदान उघडे पडले, आणि माशांना तळ्यातून नदीत चढणेच अशक्य झाले. १९२५ मध्ये या तळ्यात ४१ पौंड वजनाचा ट्राउट पकडला गेला होता. तो त्या जातीचा विक्रम. त्यानंतर वीस वर्षांच्या आत तळ्यातली मूळ ट्राउट नष्ट झाली. क्वी-वी तगला, तो दीर्घायुषी म्हणून. चाळीस वर्षे जगणारा मासा पंधरा-वीस वाईट वर्षे पाण्यात वाट पाहू शकतो. १९६७ मध्ये त्याची नोंद नष्टप्राय प्राण्यांच्या यादीत झाली. तळ्यातल्या अनाहो बेटावर पांढऱ्या पेलिकनांची मोठी वसाहत आहे. पाणी उतरत गेल्याने बेट आणि किनारा यांतले अंतर कमी होत गेले, आणि कोल्ह्यांसारखे शिकारी प्राणी पक्ष्यांच्या घरट्यांपर्यंत चालत येतील अशी भीती निर्माण झाली.

न्यायालयांची पायरी

येथून पुढचा इतिहास खटल्यांचा आहे, आणि तो मी थोडक्यात सांगतो. नदीच्या पाण्यावर कोणाचा किती हक्क हे ठरवणारा खटला १९१३ मध्ये दाखल झाला. अंतिम हुकूमनामा १९४४ मध्ये निघाला. त्याला ऑर डिच हुकूमनामा म्हणतात. त्यात पायूटांना १८५९ सालचा, म्हणजे सर्वांत जुना, हक्क मिळाला; पण केवळ शेती भिजवण्यापुरता. माशांसाठी आणि तळ्यासाठी काहीही नाही. मासे खाऊन जगणाऱ्या समाजाला शेतीचे पाणी देऊन न्यायाची पूर्तता झाली, असे मानण्यात आले.

तत्पूर्वी नदीच्या प्रवाहाचा एक नियम ठरून गेला होता. राज्यांच्या सीमेपाशी मार्च ते सप्टेंबर ५०० क्युसेक आणि उरलेल्या महिन्यांत ४०० क्युसेक पाणी वाहते ठेवायचे. फ्लोरिस्टन येथील कागदगिरणीवरून या नियमाला नाव पडले. गिरणी आणि वीजगृहे यांच्या सोयीचा हा आकडा. गिरणी पुढे बंद झाली, आकडा मात्र राहिला. माशांना केव्हा पाणी लागते, हा विचार त्यात कोठेच नव्हता.

१९७० च्या सुमारास पायूट स्वतः न्यायालयात गेले. वॉशिंग्टनच्या संघीय न्यायालयाने त्या दशकाच्या आरंभी निर्णय दिला की सरकार या समाजाचे विश्वस्त आहे. सिंचन योजनेला गरजेपेक्षा जास्त पाणी देऊन तळ्याचे नुकसान करण्याचा अधिकार विश्वस्ताला नाही. न्यूलँड्स योजनेला किती पाणी द्यायचे यावर त्यानंतर कडक मर्यादा आली. १९८२ मध्ये दुसरा निर्णय झाला. वरच्या भागातले स्टॅम्पीड धरण १९७० मध्ये शहरासाठी व शेतीसाठी म्हणून बांधले होते; त्यातले पाणी नष्टप्राय माशांसाठी राखून ठेवण्याचा सरकारचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. पण १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९४४ चा हुकूमनामा पुन्हा उघडण्यास नकार दिला. हक्काचे दार बंद झाले. उरली ती वाटाघाटीची खिडकी.

वापर आणि खर्च

वाटाघाटीत पहिला प्रश्न अर्थातच हा होता की पाणी कोठून वाचवायचे. आणि येथे या नदीने जो धडा दिला तो मला आजच्या विषयाचे मर्म वाटतो. पाण्याचा ‘वापर’ आणि पाण्याचा ‘खर्च’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रेनो शहराचे उदाहरण घ्या. तेथील नागरिकाने आंघोळीला वापरलेले पाणी गटारातून शुद्धीकरण केंद्रात जाते, आणि तेथून पुन्हा नदीत येते. त्याची प्रत घटते, राशी फारशी घटत नाही. बागेतल्या हिरवळीवर शिंपडलेले पाणी मात्र बहुतांशी वाफ होऊन आकाशात जाते. ते नदीला परत मिळत नाही. म्हणजे न्हाणीघरात केलेली काटकसर शहराची वीज आणि धरणातला साठा वाचवील, पण खालच्या तळ्याच्या खात्यात तिने फार मोठी भर पडणार नाही. हिरवळ कमी केली तर पडेल. गंमत अशी की रेनो आणि शेजारचे स्पार्क्स या शहरांत घरगुती नळांना मीटर बसवण्यास कित्येक दशके कायद्यानेच बंदी होती. महिन्याला ठरावीक रक्कम भरा आणि हवे तेवढे पाणी वापरा, हीच रीत.

आता शेतीचे उदाहरण. न्यूलँड्सचा मुख्य कालवा मातीचा. त्यातून पुष्कळ पाणी पाझरते. कालव्याला अस्तर लावले की पाणी वाचणार, हे उघड आहे. जानेवारी २००८ मध्ये फर्नली गावाजवळ हा कालवा फुटला आणि शेकडो घरांत पाणी शिरले. तेव्हापासून अस्तराची निकड अधिकच वाढली. पण गेल्या शंभर वर्षांत त्याच पाझरावर फर्नलीच्या विहिरी भरत आल्या होत्या. अस्तर लावण्याविरुद्ध गावाने न्यायालयात दाद मागितली. आणखी खाली, कार्सन नदीच्या शेवटी, स्टिलवॉटरची पाणथळ भूमी आहे. हजारो स्थलांतरित पक्षी तेथे उतरतात. तिला शेतांतून निचरून येणारे पाणी मिळत असे. शेतकऱ्याने काटकसरीने पाणी द्यायला सुरुवात केली की निचरा घटतो, आणि पक्ष्यांचे तळे सुकते.

म्हणजे एकाची गळती ही दुसऱ्याची विहीर असते. याचा अर्थ गळती तशीच राहू द्यावी असा नाही. अर्थ एवढाच की ज्याला आपण ‘वाचवणे’ म्हणतो ते पुष्कळदा एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात देणे असते. तो देणारा कोण आणि घेणारा कोण, हे उघडपणे ठरवले नाही, तर काटकसर हीसुद्धा एक प्रकारची हिरावणूक होऊ शकते.

नदीचे खातेवही

हा हिशेब उघडपणे मांडण्याचा प्रयत्न १९९० च्या तडजोडीच्या कायद्याने केला. नेवाडाचे सिनेटर हॅरी रीड यांचा त्यात पुढाकार होता. कायद्याने दोन राज्यांतली वाटणी ठरवली. उदाहरणार्थ, टाहोच्या खोऱ्यातल्या वापरासाठी वर्षाला ३४ हजार एकर-फुटांची मर्यादा. त्यातले २३ हजार कॅलिफोर्नियाचे आणि ११ हजार नेवाडाचे. पायूटांना मत्स्यसंवर्धनासाठी अडीच कोटी आणि आर्थिक विकासासाठी चार कोटी डॉलरचे निधी मिळाले. स्टिलवॉटर परिसरात २५ हजार एकर पाणथळ भूमी टिकावी म्हणून स्वखुशीने विकणाऱ्या शेतकऱ्यांकडून पाण्याचे हक्क विकत घेण्याची तरतूद झाली. आणि शहराने नळांना मीटर बसवावेत, हे त्या साऱ्या तडजोडीशी बांधले गेले.

तपशील ठरवायला आणखी अठरा वर्षे लागली. नदीच्या संचालनाचा करार ६ सप्टेंबर २००८ रोजी झाला. त्यावर केंद्र सरकार, दोन राज्ये, रेनोचे पाणीपुरवठा मंडळ आणि पायूट जमात यांच्या सह्या आहेत. तो अमलात आला १ डिसेंबर २०१५ रोजी. त्यातली कल्पना बँकेच्या खात्यासारखी आहे. ज्याला नदीतून पाणी उचलण्याचा हक्क आहे त्याने ते आज न उचलता वरच्या धरणात आपल्या नावे जमा ठेवायचे. दुष्काळ पडला की शहराने ते काढून घ्यायचे. दुष्काळ नसेल तर ठरलेल्या मर्यादेपलीकडची शिल्लक माशांच्या खात्यात जाते. एका धरणातले पाणी दुसऱ्या धरणातल्या पाण्याशी कागदावर बदलूनही घेता येते. पूर्वी न वापरलेले पाणी म्हणजे हक्क गमावण्याची भीती. आता ते म्हणजे ठेव. आणि त्या खातेवहीत, शतकभराने का होईना, तळ्याच्या नावाचे पान उघडले गेले.

पाण्याच्या राशीइतकेच पाण्याच्या वेळेलाही मोल असते, हेही या नदीने शिकवले. काठावर कॉटनवुड नावाचे, पिंपळासारखी सळसळती पाने असलेले वृक्ष होते. नवी रोपे येईनाशी झाली होती. उन्हाळ्याच्या तोंडी या झाडाचे कापसासारखे बी उडते, ओल्या गाळावर पडते आणि रुजते. पण पूर एकदम ओसरला तर कोवळे मूळ खाली सरणारी ओल गाठू शकत नाही. पाणी दिवसाला इंचभराच्या बेताने उतरले पाहिजे. १९८७ मध्ये क्वी-वीसाठी स्टॅम्पीडमधून सोडलेल्या पाण्याने ही चाल साधली, आणि काठावर अनेक वर्षांनी कॉटनवुडची रोपे उगवली. माशासाठी सोडलेल्या पाण्याने झाड जगवले. पुढे प्रवाह सोडताना या गोष्टीचा मुद्दाम विचार होऊ लागला.

ट्राउटची कथा याहून विलक्षण. तळ्यातून नष्ट झालेल्या मूळ वाणाचे मासे दूर, युटाच्या सीमेवरच्या पायलट पीक नावाच्या डोंगरातल्या एका ओढ्यात १९७० च्या दशकात सापडले. पूर्वी कोणीतरी तेथे नेऊन सोडलेले. त्यांची पैदास करून २००६ पासून ते पिरॅमिडमध्ये सोडण्यात आले, आणि २०१४ मध्ये ते नदीत चढून अंडी घालताना दिसले. डर्बीच्या बंधाऱ्यावर मासे कालव्यात वाहून जाऊ नयेत म्हणून २०२० मध्ये मोठी जाळी बसवण्यात आली. ज्या बंधाऱ्याने वाट अडवली, त्यावरच वाट राखण्याची ही व्यवस्था.

सर्व काही निर्वेध झाले, असे मला सुचवायचे नाही. विनमुका तळे परत आलेले नाही. पिरॅमिड १९०५ च्या पातळीला पोचलेले नाही. फॅलनच्या शेतकऱ्यांना या तडजोडीत आपले मोल कमी धरले गेले असे वाटते, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे कोणी म्हणू नये. सरकारनेच त्यांच्या पणजोबांना तेथे बोलावले होते. पर्वतावरचे बर्फ उष्णतामानामुळे आता लवकर वितळते, तेव्हा जुन्या तारखांवर बेतलेले करार किती काळ पुरतील हाही प्रश्नच आहे. तरी एक गोष्ट घडली. नदीच्या वाटणीला बसताना तिच्या शेवटी कोण आहे, हे विचारल्याशिवाय आता तेथे कोणाला बसता येत नाही.

आपल्यापुरते

आता शेवटी आपल्या गावाकडे वळतो. इंदूर नर्मदेकाठी वसलेले नाही. जलूद येथून सुमारे ७० किलोमीटर अंतरावरून आणि विंध्याचा चढ चढवून १९७८ पासून नर्मदेचे पाणी आपण येथे आणतो. आपले सांडपाणी खान नदीतून क्षिप्रेकडे जाते. आणि उज्जैनची क्षिप्रा आटल्यावर २०१४ पासून तिच्यातही नर्मदेचेच पाणी सोडले जाते. ट्रकीचे पाणी कार्सनला नेणाऱ्यांचे आपण जवळचे नातलग आहोत.

नर्मदा जलविवाद लवादाने डिसेंबर १९७९ मध्ये निवाडा दिला. पंचाहत्तर टक्के भरवशाचे पाणी २८० लाख एकर-फूट धरले गेले. मध्य प्रदेशाला १८२.५ लाख, गुजरातला ९० लाख, राजस्थानला ५ लाख, महाराष्ट्राला २.५ लाख. येथे बसलेल्या विद्यार्थ्यांनी बेरीज करून पाहावी. ती बरोबर २८० येते. गणित अचूक आहे. शिल्लक शून्य आहे. भरूचच्या खाली जिथे नर्मदा खंबायतच्या आखाताला मिळते, तेथील मच्छीमार आणि शेतकरी खारे पाणी आत शिरत असल्याची तक्रार करत आले आहेत. या वाटणीत नदीच्या मुखाच्या नावे स्वतंत्र पान नाही. पिरॅमिड सरोवराच्या खडकावर उमटली तशी पांढरी रेघ समुद्रावर उमटत नाही, म्हणून आपल्याला ती दिसत नाही, इतकेच.

त्याच निवाड्यात अशी तरतूद आहे की राजपत्रात प्रसिद्धी झाल्यापासून ४५ वर्षांनंतर पाणीवाटपाचा फेरविचार करता येईल. ती मुदत डिसेंबर २०२४ मध्ये पूर्ण झाली. फेरविचार केव्हा होईल आणि कसा होईल हे राज्यकर्ते ठरवतील. परंतु त्या वेळी इंदूरसारखे शहर काय म्हणेल, हे या सभागृहात बसलेल्यांनी ठरवायचे आहे. आपण आणखी पाणी मागू, की आपण वाचवलेले पाणी कोणाच्या नावे जमा व्हावे हेही सांगू?

आपण नळ घट्ट बंद करतो ते चांगलेच आहे. आपल्या मुलांना तेच शिकवावे. त्याबरोबर त्यांना नकाशाही दाखवावा, आणि आपल्या घरातल्या पाण्याची नदी कोठे संपते तिथवर त्यांचे बोट न्यावे. भूगोलाच्या शिक्षकाचे हेच काम आहे, आणि ज्यांचे आज आपण स्मरण करीत आहोत त्यांनी ते आयुष्यभर या वास्तूत केले.